आईला वकील, बाबांना वकील, मुलाला कोण?

मा. संपादक,
स. न.

घटस्फोट वाढलेत यावर तुमच्या पेपरात अधूनमधून लेख येतात, कुणाला किती पोटगी मिळाली याच्या बातम्या तर हमखास, पण ताब्याच्या केसमध्ये मुलाच्या बाजूने कोर्टात उभं कोण राहतं हे कुणी विचारत नाही. मी फॅमिली कोर्टात वकिली करते म्हणून सांगते, बहुतेक वेळा कुणीच नाही. आईचा वकील असतो, बाबांचा असतो, आणि दोघंही अर्जात "मुलाचे हित" लिहितात. मीसुद्धा लिहिते, कारण १९५६ चा हिंदू अज्ञानत्व (म्हणजे अल्पवयीन मुलांचा) व पालकत्व कायदाच सांगतो की सगळ्यात आधी मुलाचं हित बघा. पण माझी फी आई तरी देते नाहीतर बाबा तरी, पोर देत नाही ना.

यावर लोक म्हणतात की जज स्वतः मुलाशी बोलतात की. बोलतात, १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्टमध्ये कलम १७ मध्येच आहे की मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची पसंती विचारात घेता येते. पण बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, मॅटरचा ढीग, त्यात चेंबरमध्ये दहा-पंधरा मिनिटं, आणि ज्याच्यासोबत रिक्षातून आलंय तो पालक बाहेर बाकावर वाट बघत बसलेला, अशात नऊ वर्षांचं पोर काय बोलणार? कितीतरी मुलं पढवूनच आणलेली असतात आणि जे पढवलेलं नसतं ते "दोघांकडे" म्हणतं, मग झाली पंचाईत. समुपदेशक चांगलं काम करतात, पण त्यांचा मुख्य भर समेटावर.

दिवाळीची सुट्टी वाटायची होती एका मॅटरमध्ये. वसुबारस ते लक्ष्मीपूजन एकीकडे, पाडवा-भाऊबीज दुसरीकडे, दोन्ही वकिलांनी तासभर घासाघीस करून ठरवलं आणि खूश झालो आम्ही. पोराला सोसायटीतल्या मुलांबरोबर किल्ला करायचा होता, माती आणून ठेवली होती त्यांनी, आणि नेमके तेच दिवस तो दुसऱ्या गावी. आईला आणि बाबांना दोघांनाही माहीत होतं, पण सांगणार कोण, ज्याने सांगितलं त्याचे दिवस कमी! मुलाचा स्वतःचा माणूस हवा तो असल्या गोष्टी बोलायला, आई चांगली का बाबा चांगले ते ठरवायला नाही.

मोठ्यांचं तर याहून वाईट आहे. हिंदू विवाह कायद्यात कलम १३ खाली मानसिक आजार हे घटस्फोटाचं कारण आहे. नवरा अर्जात लिहितो की बायकोला स्किझोफ्रेनिया आहे, तिला काही समजत नाही, आणि समन्स जातं त्याच बायकोच्या नावाने, म्हणजे जिला काही समजत नाही म्हणता तिनेच वकील शोधायचा, कैफियत म्हणजे लेखी उत्तर द्यायचं, तारखेला यायचं. नाही आली की एकतर्फी निकाल. खरं तर दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ३२ रूल १५ आहे, चौकशी करायची आणि तिला स्वतःचं हित जपता येत नसेल तर केसपुरता गार्डियन नेमायचा. हा रूल आम्हा वकिलांनाच आठवत नाही. आठवला तर नेमतात कुणाला, भावाला, ज्याला बहीण कायमची माहेरी नकोय आणि वडिलांच्या घरात तिचा वाटाही नकोय. आणि हेही लक्षात घ्या की नुसतं आजाराचं नाव पुरत नाही, आजार किती तीव्र आहे ते बघावं लागतं असं सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्येच सांगितलंय. गोळ्या वेळेवर घेणारी बाई आपलं म्हणणं व्यवस्थित मांडू शकते, तिला गार्डियन नको, वकील द्या.

यासाठी नवा कायदा करायची गरज नाही हो. फॅमिली कोर्ट ॲक्ट १९८४ च्या कलम १३ प्रमाणे जज न्यायमित्र, म्हणजे कोर्टाला मदत करणारा कायद्याचा जाणकार, बोलावू शकतात. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२, त्यात महिला, बालक, मानसिक आजारी आणि दिव्यांग यांना फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा प्राधिकरणाकडे अशा वकिलांचं पॅनल आहे. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याच्या, २०२० च्या नियमांत पीडित मुलासाठी सोबतीला सपोर्ट पर्सन दिलाय, मग ताब्याच्या भांडणात वर्षानुवर्षं लोंबकळणाऱ्या मुलाला का नको? इंग्लंडमध्ये २००१ पासून कॅफकास नावाची वेगळी संस्थाच आहे या कामाला, आपल्याला तेवढं नको, पण जिथे एकमेकांवर आरोप आहेत आणि मूल मध्ये अडकलंय तिथे पहिल्याच तारखेला कोर्टाने प्राधिकरणाला एक पत्र धाडावं. आलेल्या वकिलाने शाळेत जावं, दोन्ही घरं बघावीत, मुलाशी आईबापांशिवाय बोलावं.

तिसरा वकील म्हणजे तारीख पुढे ढकलायचा तिसरा अर्ज, हे मलाही दिसतंय. म्हणूनच आपसातल्या, संमतीच्या केसमध्ये हे नको. आणि पॅनलवरच्यांना मुलांशी बोलायचं ट्रेनिंग आणि बरी फी द्या, नाहीतर ज्युनियर येणार, "नो इन्स्ट्रक्शन्स", म्हणजे पक्षकाराने मला काही सांगितलेलं नाही, म्हणणार आणि पुढची तारीख घेऊन जाणार.

नाव छापू नका प्लीज, सोमवारी त्याच कोर्टात उभं राहायचंय.

– एक वकील, पुणे