'नोकरी लागली, सुटली' म्हणणाऱ्या काकांना

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या वाचकांच्या पानावर एका काकांचं पत्र आलं होतं, की आजकालच्या नवीन मास्तर लोकांना भरपूर पगार आहे, पेन्शनची चिंता नाही, तिशीच्या आत पोरं सेटल होतात आणि तरी रडतात, नोकरी लागली म्हणजे पोरं सुटली. काका मोठे आहेत, त्यांना उलट बोलायचं नाहीये, पण मीच ती नवीन मास्तरीण आहे त्यामुळे दोन दिवस ते पत्र डोक्यातनं जाईना. म्हणून लिहायला बसले. मोबाईलवर टाईप करतेय, चुका असतील तर सांभाळून घ्या.

मी मूळची सोलापूरची, कुंभारीच्या विडी घरकुलात वाढलेली. आई विड्या वळायची, वडील पूर्व भागात लूमवर. २००६ ला घरकुलाची १०००० घरं विडी कामगार बायकांना मिळाली त्यातलं एक आमचं, मी तेव्हा तिसरीत होते आणि पहिल्यांदा स्वतःचा दरवाजा बघितला होता. त्याच्या हप्त्याला आईने एक दिवस पण उशीर केला नाही, सूप मांडीवर घेऊन रात्री अकरा अकरापर्यंत पानं कापत बसायची, हे मी रोज डोळ्यानं बघितलेलं आहे. हे सांगायचं कारण एवढंच की पैसा कसा येतो आणि कसा पुरवायचा हे आमच्यासारख्यांना कुणी शिकवावं लागत नाही असं मला वाटायचं. तसं नसतं, ते पुढे कळलं.

डीएड माझं २०१८ ला झालं. शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी त्याच्या आधी डिसेंबर २०१७ ला होऊन गेली होती आणि पुढची झाली थेट फेब्रुवारी-मार्च २०२३ ला. मधली पाच वर्षं काय करायचं? एका खाजगी शाळेत ५००० वर शिकवलं, संध्याकाळी शिकवण्या घेतल्या, २०२१ च्या नोव्हेंबरात टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा दिली आणि पास झाले. चाचणीत २०० पैकी बरे मार्क पडले, पवित्र पोर्टलवर, म्हणजे शिक्षक भरतीच्या सरकारी वेबसाईटवर, नाव लागलं, आणि जून २०२४ ला अक्कलकोट तालुक्यात कर्नाटकच्या सीमेजवळच्या एका गावात शिक्षणसेविका म्हणून हजर झाले. वर्गातली निम्मी पोरं घरी कानडी बोलतात. पहिल्या आठवड्यात पहिलीतली एक चिमणी जेवणाच्या सुट्टीत जवळ येऊन विचारत होती, "ऊटा आतेन्री?" मला काही कळेना, मग चौथीच्या पोरानं सांगितलं की टीचर ती विचारतीय जेवण झालं का. मराठी बाराखडी शिकवायच्या आधी मी त्यांच्याकडून पाणी, भाकरी, दप्तर यांचे कानडी शब्द वहीत लिहून घेतले. त्या कामाचं मला कधी ओझं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

आता पगाराचं. शिक्षणसेवक म्हणजे नेमकं काय ते बऱ्याच जणांना माहीतच नसतं. ही पद्धत २००० साली सुरू झाली तेव्हा प्राथमिकला महिना ३००० मानधन होतं, मग ६००० झालं आणि तिथंच कित्येक वर्षं अडकून बसलं, १ जानेवारी २०२३ पासून १६००० आहे. पहिली तीन वर्षं एवढंच, महागाई भत्ता नाही, घरभाडं नाही, वेतनवाढ नाही. तीन वर्षं झाली की मग वेतनश्रेणी, मूळ पगार २९२०० पासून. म्हणजे काका ज्या पगाराबद्दल लिहितात तो मला जून २०२७ नंतर दिसणार. आणि पेन्शनचं म्हणाल तर १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाहीच की ओ, राष्ट्रीय पेन्शन योजनेत मूळ पगार अधिक महागाई भत्ता याच्या १० टक्के आपले कापतात आणि १४ टक्के सरकार घालतं, शेवटी किती मिळेल ते बाजारावर.

माझा महिना सांगते. अक्कलकोटात मी आणि अजून एक मॅडम मिळून खोली केलीय, माझ्या वाट्याला लाईटबिल धरून २५००. शाळेला जायला वडाप, म्हणजे शेअरची जीप, त्याचे साधारण १०००. किराणा, भाजी, गॅस असे ३०००. घरी आईला ५०००. डीएडची फी मामाने भरली होती त्याचे दर महिन्याला २०००. पोस्टात आरडी १०००. राहिले १५००, त्यात रिचार्ज, औषध, वर्गाला चार्ट आणि खडू-रंग, आणि शनिवारी सोलापूरला यायचं एसटीचं भाडं. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे म्हणून दर शनिवारी येणं जमतं तरी. व्यवसाय कर २५००० पर्यंत बायकांना माफ आहे, तोही कापत नाहीत. मी तक्रार करत नाहीये, हा हिशोब मला जमतो, आणि स्वतःच्या खोलीची चावी स्वतःच्या पर्समध्ये असणं काय असतं ते मी कुणाला शब्दात सांगू शकणार नाही.

पण खरा त्रास झाला तो पहिल्या चार महिन्यांत. मानधन आलंच नाही. नाव ऑनलाईन चढायचं राहिलं होतं, कागद कुठल्या टेबलावर होता ते मला आजपर्यंत कळलं नाही. रोज शाळेत जायचे, हजेरी लावायचे, गावात सगळे मॅडम मॅडम म्हणायचे, आणि शनिवारी घरी आले की वडापला पैसे आईकडून घ्यायचे. आईची पानं वळणारी बोटं आता सुजतात, तिला विडी कामगाराच्या पीएफची पेन्शन आहे महिन्याला हजार आणि वर थोडी, तरी ती अजून जमेल तसं वळते आणि त्यातल्या नोटा माझ्या हातात ठेवायची. वय २६, हातात सरकारी ऑर्डर, आणि आईच्या विडीच्या पैशावर नोकरीला जाणं. त्या दिवसांत मी रात्री नीट झोपले नाही.

मग एकदम ६४००० खात्यावर आले आणि तिथून माझं खरं शिक्षण सुरू झालं. आईची पोत सोनेतारणात होती ती पहिल्याच दिवशी सोडवून आणली, त्याचं मला आयुष्यभर समाधान राहील. पण त्याच आठवड्यात ओळखीतले एक गृहस्थ घरी आले आणि तुम्ही आता सरकारी, टॅक्स वाचेल, लग्नाला उपयोगी पडेल असं सांगून एका पॉलिसीवर सह्या घेऊन गेले, वर्षाला ३०००० चा हप्ता, वीस वर्षं. १६००० वाल्याला टॅक्स लागतच नाही तर वाचणार काय, एवढं साधं मला तेव्हा सुचलं नाही. आमच्या मुख्याध्यापक सरांना सहज बोलले तर ते म्हणाले, "बाई, पॉलिसी हातात पडून किती दिवस झाले? तीस दिवसांच्या आत परत करता येते, आजच अर्ज लिहा." मी लिहिला. थोडी कपात होऊन पैसे परत आले. सर नसते तर वर्षाचे जवळजवळ दोन महिने मी फक्त त्या हप्त्यासाठी कमवत राहिले असते.

दुसरी गोष्ट जास्त अवघड होती. माझा मामेभाऊ गाडी घेत होता, पतसंस्थेचं कर्ज काढत होता आणि जामीनदार म्हणून सरकारी नोकरीवाल्याची सही हवी होती. सख्ख्या मामाचा मुलगा, ज्या मामाने माझी फी भरली त्याचा. घरातले सगळे म्हणाले नुसती सही तर आहे, तुला कुठे पैसे द्यायचेत. मी फॉर्म घेऊन खोलीवर गेले आणि सगळा वाचला, मग नेटवर पण वाचलं. करार कायदा १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराच्या बरोबरीची असते, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. त्याने हप्ते थकवले तर माझ्यामागे लागता येतं. मी मामाच्या घरी गेले, चहा घेतला आणि सांगितलं की मामा तुमचे पैसे मी व्याजासकट फेडीन, हप्ता दोनाचा तीन हजार करा हवं तर, पण ही सही मी करू शकत नाही. मामा काही बोलला नाही. भाऊ अजून बोलत नाही, दिवाळीला आला नाही. मला त्याचं वाईट वाटतं आणि तरी मी तेच करीन. आयुष्यात पहिल्यांदा मी घरातल्या मोठ्यांना पैशाच्या बाबतीत नाही म्हणाले, आणि माझ्या मते मी कमावती झाले ती त्या दिवशी, ऑर्डर मिळाली त्या दिवशी नाही.

स्थळं पण येतात. एकजण विचारून गेले, परमनंट कधी होणार. दुसऱ्यांनी सरळ विचारलं, लग्नानंतर आईला पैसे देणार का. मी हो म्हणाले, ५००० देणार आणि ते आधीच सांगतेय. ते परत आले नाहीत. आईला काळजी वाटते, मला नाही.

काकांना आणि तुमच्या वाचकांना माझं म्हणणं एवढंच आहे, की नवीन शिक्षकाला पगार भरपूर म्हणायच्या आधी त्याला तीन वर्षं तरी होऊ द्या. आणि ज्यांच्या हातात आहे त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. पहिलं मानधन हजर झाल्यापासून पुढच्या महिन्यात मिळायला पाहिजे, चार महिन्यांनी एकदम नको, कारण त्या चार महिन्यांत माणूस हातउसने घेतो आणि एकदम पैसे आले की घेणारे दारात उभेच असतात. आणि नवीन शिक्षकांना प्रशिक्षण देता ना, अध्ययन निष्पत्तीवर, मूल्यमापनावर, तर त्यात अर्धा दिवस पगाराचा कागद कसा वाचायचा, पॉलिसी परत कशी करायची, जामीन म्हणजे काय, पेन्शनचे पैसे कुठे जातात हे पण सांगा. आम्हाला डीएडच्या दोन वर्षांत यातलं कुणीच काही सांगितलं नाही. जुन्या शिक्षकांना हे सगळं माहीत आहे, त्यांनी आमच्या सरांसारखं नवीन पोरापोरींना जवळ बसवून सांगितलं तरी पुष्कळ होईल. त्याला पैसे पण लागत नाहीत.

यंदा गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, आईला घेऊन गेले होते. तिला स्वेटर घेतला, ती दोनदा म्हणाली महाग आहे, मी दोनदा म्हणाले घे. आरडीची पुस्तिका तिनेच तिच्या विडीच्या पासाबरोबर एका पिशवीत ठेवलीय.

पत्र छापलंत तर माझं नाव आणि गावाचं नाव छापू नका एवढी विनंती, भावाला वाईट वाटायला नको.

आपली विश्वासू,
एक शिक्षणसेविका, सोलापूर