वर्गातलं गाणं टीव्हीवर नको, ताईच्या गळ्यात हवं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जून जवळ आला की गल्लोगल्ली बालवाड्यांचे बॅनर लागतात आणि हल्ली जवळपास प्रत्येक बॅनरवर एक ओळ असते की आमच्याकडे मुलं गाण्यांमधून शिकतात. वाचून बरं वाटतं. पण आत जाऊन बघितलं तर बऱ्याच ठिकाणी ते गाणं म्हणजे भिंतीवरचा टीव्ही असतो, त्यावर यूट्यूब लावलेलं असतं, रंगीबेरंगी प्राणी नाचत असतात आणि चटईवर बसलेली तीन-चार वर्षांची पोरं तोंड उघडं ठेवून बघत बसलेली असतात. मी स्वतः भांडुपला बालवाडी घेते, त्यामुळे हे लांबून बोलत नाहीये. टीव्हीवर गाणं लावणं वेगळं आणि मुलांबरोबर गाणं म्हणणं वेगळं, आणि लहान मूल शिकतं ते दुसऱ्यातून, हे कुणीतरी स्पष्ट बोलायला पाहिजे म्हणून हे पत्र.

ताई गात असते तेव्हा तिचं लक्ष मुलांकडे असतं. कुणी मागे पडलं की ती चाल हळू करते, ओळीतला शेवटचा शब्द मुद्दाम सोडून देते आणि वाट बघते, मग तो शब्द मुलांकडून येतो. सकाळी जो रडत आला त्याचं नाव ती गाण्यात घालते, बाहेर पाऊस सुरू झाला की पावसाचं गाणं काढते, लोकलचा भोंगा ऐकू आला की गाडीचं. व्हिडिओला यातलं काहीच जमत नाही, तो आपल्या स्पीडनं पुढे जातो, मूल सोबत असो नाहीतर नसो. आणि घरी तर मुलं स्क्रीन बघतच असतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांचा बसून स्क्रीन बघण्याचा वेळ दिवसाला एक तासाच्या वर जाऊ नये, त्याहून कमी असेल तर चांगलंच. मग शाळेतही तेच कशाला?

भाषेचं तर विचारूच नका. माझ्या वर्गात घरी मालवणी बोलणारी मुलं आहेत, भोजपुरी, तेलुगू, कानडी बोलणारीही आहेत, मुंबईत कुठल्याही वस्तीत हेच चित्र दिसेल. अशी काही मुलं सुरुवातीला आठवडेच्या आठवडे तोंड उघडत नाहीत आणि 'बोल ना, बोल ना' केलं की अजूनच मिटून जातात. पण सगळे मिळून गाताना कुणी एकट्याकडे बघत नसतं, शब्द चुकला तरी घोळक्यात लपून जातो, म्हणून मग आधी नुसते हात हलायला लागतात, मग ओळीचं शेपूट म्हटलं जातं, मग आख्खी ओळ, आणि मग एक दिवस तेच मूल बाजूच्याकडे खडू मागताना गाण्यातलंच वाक्य उचलून वापरतं. ते त्याचं पहिलं मराठी वाक्य असतं आणि ते कुणी पाठ करून घेतलेलं नसतं. २०२० च्या कायद्यानं इंग्लिश मिडियमच्या शाळांनाही मराठी शिकवणं सक्तीचं झालंय, चांगलंच झालं, पण ती सक्ती मुलापर्यंत वहीतल्या शब्दार्थांतून पोचण्याआधी गाण्यातून पोचली तर त्याला मराठी आपली वाटेल.

आता वाचनाबद्दल. पालकांचा नेहमीचा प्रश्न असतो, 'ताई, गाणीच म्हणवता, लिहायला कधी देणार?' त्यांची काळजी मला समजते, बाजूच्या मुलाची वही भरलेली दिसते आणि आपल्याची कोरी. पण वाचायला लागण्याआधी कान तयार व्हावा लागतो. ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांचा १९८३ साली 'नेचर'मध्ये आलेला अभ्यास आहे. चार-पाच वर्षांच्या, अजून वाचता न येणाऱ्या चारशेच्या आसपास मुलांना त्यांनी काही काही शब्द ऐकवले आणि यातला कुठला बाकीच्यांशी जुळत नाही ते विचारलं, मग पुढची काही वर्षं त्यांच्या वाचनावर लक्ष ठेवलं. ज्यांच्या कानाला जुळणारे आवाज लवकर कळत होते ती मुलं नंतर वाचनात आणि स्पेलिंगमध्ये पुढे दिसली, आणि काही मुलांना असे आवाज ओळखायला शिकवून सोबत अक्षरंही दाखवली तर त्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला. म्हणजे यमक जुळवत बसणं हा टाइमपास नाही, वाचनाची तयारी तिथेच चालू असते.

आपल्या मराठीत तर याला अजून एक कारण आहे. बोलताना आपण 'कमळ' दोन तुकड्यांत म्हणतो, क-मळ, पण लिहिताना अक्षरं येतात तीन. मुलाच्या कानाला दोन ऐकू येतात आणि आपण त्याच्याकडून तीन लिहून मागतो, तिथे ते गोंधळतं. तोच शब्द चालीत घेतला, प्रत्येक अक्षराला टाळी दिली, की शेवटचा 'ळ' लांबतो, सुटा होतो आणि मुलाला तो ऐकू येतो. जात्यावरच्या ओव्यांत, अभंगांत शेवटचं अक्षर असंच मोकळं गायलं जातं. मी आधी टाळ्या घेते, बटाटा, रिक्षा, कमळ, मग मुलांची नावं, मग तेवढेच चिंचोके मांडायला लावते, आणि पाटीवर अक्षर त्यानंतर. वेळ लागतो, पण नंतर अक्षर गाळायचं प्रमाण कमी होतं हे मी बघतेय.

आकड्यांचं मात्र जपून. आपल्याकडे पाढे चालीत म्हणायची जुनी रीत आहे, आमच्या आजीच्या वेळी संध्याकाळी दिवा लावला की परवचा व्हायचा आणि त्यात पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी असे पाव, अर्धा, पाऊण, दीडचे पाढे सगळं यायचं, त्या माणसांचा तोंडी हिशोब आपण बघितलाय. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'बहात्तर'सोबत 'सत्तर दोन' असंही आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, पण त्यामागची अडचण खरी आहे, आपल्या संख्या बोलताना एकक आधी येतं आणि लिहिताना दशक, मुलं बहात्तर ऐकून सत्तावीस लिहितात. चाल लावली की क्रम तोंडात बसतो यात शंका नाही. पण क्रम बसला म्हणजे संख्या कळली असं नाही. वीसपर्यंत घडाघडा गाणाऱ्या मुलाला 'बारा नंतर काय' विचारा, ते परत एकपासून सुरू करतं. सात मणी दे म्हटलं तर मूठभर देतं. म्हणून आकड्यांचं गाणं हाताशिवाय घेऊच नये, एक शब्द आणि एक मणी, एक शब्द आणि एक पायरी, असंच. नुसतं गाणं म्हणवून 'शंभरपर्यंत येतं' असं पालकांना सांगणाऱ्या बालवाड्यांचा मला खरंच राग येतो.

तसंच ते 'शास्त्रीय संगीत ऐकवा, मूल हुशार होईल' हे. अशी ॲप आणि रेकॉर्डिंग विकत घेणारे आईबाप मला दरवर्षी भेटतात, त्यात पैसे घालवणारे फार श्रीमंत असतात असंही नाही. याचं मूळ १९९३ सालच्या अमेरिकेतल्या एका छोट्या प्रयोगात आहे. कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्टचं संगीत ऐकवलं, आकृत्यांची एक चाचणी घेतली, थोडे जास्त मार्क पडले आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. त्यात बाळं नव्हती, शाळकरी मुलंही नव्हती. तरी ती गोष्ट इतकी पसरली की १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरनी प्रत्येक नवजात बाळाला संगीत द्यायला सरकारी पैसे मागितले. मी बुद्ध्यांक वाढवायला गात नाही. मूल बोलावं, ऐकावं, थांबावं, दुसऱ्याची पाळी येऊ द्यावी, यासाठी गाते, आणि ते होतं.

गायचं कसं हेही कुणी सांगत नाही. आपण मोठी माणसं आपल्या सोयीच्या खालच्या पट्टीत सुरू करतो आणि मुलं मग एक तर पुटपुटतात नाहीतर ओरडतात, मग आपण म्हणतो 'जोरात म्हणा' आणि वर्गात नुसता कल्ला होतो. लहान मुलांचा सोयीचा पट्टा साधारण पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी दोन ते पांढरी सहा या पट्ट्यांएवढाच असतो, त्यातल्या चार-पाच स्वरांत फिरणारं गाणं ती सुरात गातात. सिनेमातली गाणी त्यांच्या गळ्यासाठी केलेलीच नसतात, वरही जातात, खालीही जातात आणि श्वास घ्यायला जागा नसते, पण गॅदरिंगला तीच घेतली जातात आणि दोन महिने त्यावर नाच बसवला जातो. पेटी नसली तरी चालतं, फोनवर सूर देणारं ॲप फुकट मिळतं, पहिला सूर घ्यायचा आणि फोन बाजूला ठेवायचा. 'मला गाता येत नाही' असं म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी हेच सांगते की चार स्वर सगळ्यांना येतात, मुलांना मैफल नको असते.

आणि हे काही बाहेरून आलेलं फॅड नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढलं. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक त्यांच्यासोबत काम करत होत्या, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू झाला, १९४५ ला ताराबाई बोर्डीला गेल्या आणि पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी त्यांनी अंगणवाडी आणि गुरं चरतात त्या कुरणावरची कुरणशाळा चालवली, मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची. मुलाच्या परिसरातली, त्याच्या बोलीतली, हातवारे करून म्हणायची गाणी ही त्या परंपरेतूनच आमच्यापर्यंत आली. आता २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा वेगळा धरलाय, २०२२ मध्ये त्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, त्यातही खेळ, गोष्टी, गाणी यांवरच भर आहे. कागदावर सगळं आहे.

वर्गात काय आहे ते सांगते. एक खोली, मध्ये कपाट घालून दोन गट, पलीकडे दुसऱ्या ताईचा वर्ग, खिडकीखाली रिक्षांचे हॉर्न. आपण गायला सुरू केलं की पलीकडून निरोप येतो, आवाज कमी करा. ट्रेनिंगला जावं तर तिथे गाण्यांची पीडीएफ ग्रुपवर पाठवतात, चाल कुणी शिकवतच नाही, मग शब्द आहेत पण गाणं नाही अशी अवस्था, आणि ताया साहजिकच यूट्यूबकडे वळतात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. ट्रेनिंगमधला अर्धा दिवस तरी तायांना एकत्र बसवून नुसतं गाऊन घ्या, दहा गाणी पक्की झाली तरी वर्ष निघतं. पालिकेच्या ज्या शाळांत संगीताचे सर किंवा बाई आहेत त्यांनी आठवड्यातून एक तास जवळच्या बालवाडी-अंगणवाडीच्या तायांना दिला तरी खूप होईल, यासाठी वेगळं बजेट लागत नाही. टाइमटेबलमध्ये गाण्याचा तास वेगळा नको, तो मग शुक्रवारी शेवटचा ठेवतात आणि सगळ्यात आधी तोच जातो. त्यापेक्षा दिवसभरात पाच-पाच मिनिटं, हात धुताना, डबा खाताना, दप्तर आवरताना.

आज्यांना वर्गात बोलवा हे तर माझं सगळ्यात जास्त सांगणं आहे. कोळीवाड्यातल्या, मालवणकडच्या, घाटावरच्या, युपी-बिहारकडच्या, सगळ्या. भोंडल्याची गाणी ज्यांना येतात त्यांच्याकडे तर खजिना आहे, त्यातली काही गाणी प्रत्येक कडव्याला एकेक गोष्ट वाढवत जातात आणि मुलाला मागचं सगळं लक्षात ठेवून पुढचं जोडावं लागतं, स्मरणशक्तीसाठी यापेक्षा चांगला खेळ मला माहीत नाही. पण ही गाणी येणाऱ्या बायका आता कमी होत चालल्यात आणि कुणी त्यांना विचारतही नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या रविवारच्या पुरवणीत लहान मुलांचं पान असतं, त्यात दर आठवड्याला अशा एका पारंपरिक गाण्याला जागा द्या. वाचकांकडून मागवा, कुठल्या गावचं, कुठल्या बोलीतलं, हातवारे कसे करायचे तेही लिहायला सांगा, आणि शक्य असेल तर सोबत साधे सारेगम छापा म्हणजे चाल हरवणार नाही. पहिली दोन-तीन मी पाठवायला तयार आहे, आणि आमच्या भागातल्या तायांकडून अजून गोळा करून देईन.

आपली,
एक बालवाडीताई
भांडुप (पश्चिम), मुंबई