फूट कंट्रोलर घेताना बटणे मोजू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गिटारच्या इफेक्ट्स प्रोसेसरसाठी (गिटारचा आवाज बदलणारे यंत्र) मिडी फूट कंट्रोलर (त्या यंत्राला मिडी या डिजिटल भाषेत संदेश पाठवणारी, पायाने दाबायच्या बटणांची पाटी) कसा निवडावा, यावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. या विषयाला वर्तमानपत्रात जागा मिळाली याचा आनंद झाला. पण ‘बटणे जितकी जास्त तितके चांगले’ हा त्यातला सल्ला मला मुळीच पटला नाही. अठरा वर्षे वाद्यवृंदात गिटार वाजवतो आहे आणि त्यातली पाच वर्षे चुकीच्या कंट्रोलरशी झटापट करण्यात गेली, म्हणून हे पत्र.

माझ्या पहिल्या कंट्रोलरला दहा बटणे होती, तीही एकमेकांना खेटून. घरी अनवाणी सराव केला तेव्हा काहीच जाणवले नाही. मंचावर बूट घालून चौथे दाबायला गेलो की पाचवेही दाबले जायचे. आता कोणी विचारले तर मी सांगतो, आधी कंट्रोलरच्या मापाचा पुठ्ठा कापा, बटणांच्या जागी गोल काढा, कार्यक्रमातले बूट घाला, गिटार गळ्यात अडकवा आणि खाली न बघता पाय टाकून पाहा. मागच्या रांगेपर्यंत पाय उचलताना तोल जातो का, हेही तेव्हाच कळते.

दुसरी गोष्ट आकड्यांची. मिडीत पॅच (प्रोसेसरमध्ये साठवलेली आवाजाची मांडणी) बदलण्याचा संदेश, म्हणजे प्रोग्रॅम चेंज, १२८ प्रकारचा असतो. काही यंत्रे ते ० ते १२७ असे मोजतात, काही १ ते १२८. माझा कंट्रोलर शून्यापासून मोजणारा आणि प्रोसेसर एकापासून. एका हळुवार गाण्याच्या सुरुवातीला मी पाच दाबले आणि प्रोसेसरने सहावा पॅच उघडला. स्वच्छ आवाजाऐवजी सणसणीत डिस्टॉर्शन, म्हणजे फाटलेला खरखरीत आवाज! गायिकेने वळून पाहिले, ती नजर अजून आठवते. म्हणून प्रोसेसरच्या माहितीपुस्तिकेत शेवटी येणारा मिडीचा तक्ता कंट्रोलर घेण्याआधी वाचलाच पाहिजे. पॅच १२८ पेक्षा जास्त असतील तर कंट्रोलरला बँक (पॅचचा गट) बदलण्याचा संदेशही पाठवता यायला हवा.

‘भारी कंट्रोलर घेतला की आवाज चटकन बदलतो’ हे लेखातले विधान तर मला दिशाभूल करणारे वाटते. नेहमीच्या पाच पिनांच्या केबलमधून मिडी सेकंदाला ३१,२५० बिट वेगाने जाते. प्रोग्रॅम चेंज दोनच बाइटचा असतो, तो एक हजारांश सेकंदाच्या आत पोहोचतो. पॅच बदलताना आवाज क्षणभर तुटतो तो प्रोसेसरमुळे, कारण त्याला नवे इफेक्ट मांडायला वेळ लागतो. यावर मला उपयोगी पडलेला उपाय म्हणजे गाण्यात एकच पॅच ठेवायचा आणि कंट्रोल चेंज संदेशांनी (हे पॅच न बदलता त्यातली एखादीच गोष्ट बदलतात) त्यातला डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) किंवा डिस्टॉर्शन चालू-बंद करायचा. त्यासाठी एकाच दाबात दोन-तीन संदेश पाठवणारा आणि इफेक्ट चालू आहे की बंद हे दिव्याने दाखवणारा कंट्रोलर हवा. अशी सहा बटणे मला पूर्वीच्या दहांपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडतात.

एक्स्प्रेशन पेडलबद्दल (पायाने पुढे-मागे झुकवून इफेक्ट कमी-जास्त करायचे पेडल) लेखात एक ओळही नाही. या पेडलच्या प्लगची आतली जोडणी सगळीकडे सारखी नसते. न जुळणारे पेडल लावले की वाह (‘वा-वा’ असा आवाज देणारा इफेक्ट) सावकाश उघडत नाही, टाच किंचित उचलताच झेप घेतो. माझे एक पेडल याच कारणाने वर्षभर पडून होते. जोडणी उलटी करणारी केबल लावल्यावर ते सुरळीत चालू लागले.

यूएसबीचेही तसेच. फक्त यूएसबी असलेला कंट्रोलर बहुतेक वेळा मध्ये संगणक असल्याशिवाय प्रोसेसरशी बोलत नाही. आपल्या प्रोसेसरला कोणते सॉकेट आहे ते पाहूनच कंट्रोलर ठरवावा.

पुरवणीत यावर पुन्हा लेख छापाल तेव्हा प्रत्येक कंट्रोलरच्या दोन बटणांमधले अंतर सेंटिमीटरमध्ये द्यावे, ही विनंती. छायाचित्रावरून ते समजत नाही.

आपला,
एक गिटारवादक वाचक