फुटपाथवरचा बर्फ: घरमालकांसाठी सूचना

क्वीन्समधील सर्व घरमालक सभासदांना नमस्कार.

शनिवारी रात्री बर्फाचा अंदाज आहे. फुटपाथ सार्वजनिक असला, तरी आपल्या घरालगतचा बर्फ आपणच काढायचा, असा न्यूयॉर्क शहराचा नियम आहे. बर्फ कधी थांबतो, त्यावर मुदत ठरते:

• सकाळी ७ ते दुपारी ४:५९ – ४ तासांत
• संध्याकाळी ५ ते रात्री ८:५९ – १४ तासांत
• रात्री ९ ते सकाळी ६:५९ – सकाळी ११ पर्यंत

किमान ४ फूट रुंद वाट मोकळी हवी. बर्फ रस्त्यावर ढकलू नका, त्यालाही दंड आहे. कोपऱ्यावरच्या घरांनी दोन्ही बाजू आणि रस्ता ओलांडायचा उतारही साफ करावा; व्हीलचेअर आणि बाबागाड्या तिथेच अडकतात.

गावाला जाणाऱ्यांनी कुणाला तरी सांगून ठेवा. ज्येष्ठ सभासदांनो, फावडं उचलू नका. शुक्रवारपर्यंत ग्रुपवर कळवा, आम्ही येऊ.