व्हेनिसला आलात की आधी घेट्टोत जाऊ

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

तिकिटं निघाली हे वाचून फार बरं वाटलं. आईने गोंडोल्याचं विचारलंय, त्यातही बसू. पण त्याआधी तुम्हाला तिथल्या जुन्या ज्यू वस्तीत, घेट्टोत न्यायचंय. मी नुकतीच जाऊन आले आणि सारखं वाटतंय, हे बाबांनी पाहायलाच हवं.

स्टेशनपासून ते फार लांब नाही. कालव्याच्या कडेने चालत गेलं की एक बुटका, अंधारा बोळ लागतो. त्याच्या दगडी चौकटीत बिजागऱ्यांच्या खाचा अजून आहेत. मी त्यात बोट घालून पाहिलं. 1516 साली तिथल्या सरकारने ज्यूंना या चिमुकल्या बेटावर राहायची सक्ती केली. रात्री फाटकं बंद. पहारेकरी ख्रिस्ती, कालव्यातून गस्तीच्या होड्या, आणि या सगळ्याचा पगार आत कोंडलेल्यांनीच द्यायचा! रात्री बाहेर पडायची मुभा मुख्यतः वैद्यांना, कारण दुखणं आलं की शहराला ज्यू वैद्य चालायचा. हे ऐकताना मला संताप आवरेना.

चौकात शिरलं की मान आपोआप वर जाते. सात-सात, आठ-आठ मजली घरं. सतराव्या शतकात वस्ती पाच हजारांच्या आसपास गेली, जागा मात्र थोडीशीच वाढली. मग मजल्यांवर मजले चढले आणि छतं खाली आली. काही खिडक्या एकीवर एक इतक्या जवळ, की आत ताठ उभं राहता येत असेल का, अशी शंका येते. सिनेगॉगही, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळंही, अशाच घरांच्या वरच्या मजल्यांवर. पाच आहेत, सगळ्यात जुनं 1528 चं. खालून फक्त पाच कमानी खिडक्या दिसतात. आत मात्र सोनेरी नक्षी आणि वर बायकांसाठी लंबगोल सज्जा.

1797 मध्ये नेपोलियनच्या सैन्याने फाटकं उखडून जाळली. पण गोष्ट तिथे संपत नाही. 1943 साली जर्मन आले तेव्हा जुझेप्पे योना नावाचे वयस्क डॉक्टर तिथल्या समाजाचे प्रमुख होते. ज्यूंच्या नावांची यादी त्यांच्याकडे मागितली गेली. त्यांनी कागद नष्ट केले आणि स्वतःचा जीव दिला. तरीही व्हेनिसमधून सुमारे 246 जणांना नेलं, परतले आठ. चौकातल्या स्मारकाच्या लाकडी फळ्यांवर नेलेल्यांची नावं आणि वयं कोरलीत. वयं वाचू नकोस, आई. किंवा वाच, मी शेजारी असेन.

बाबा, अलिबागच्या इस्रायल आळीत खेळत मी मोठी झाले. आपल्याकडचे ज्यू म्हणजे गावोगाव तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी, त्यांच्या विश्रांतीच्या वारी, घाणा बंद ठेवणारे म्हणून शनिवार तेली. घरात आपल्यासारखंच मराठी. मलिद्याचं ताट आपल्याकडे यायचं. ज्यू म्हणजे असे शेजारी, एवढंच मला ठाऊक होतं. त्यांची आळी कुणी रात्री कुलूपबंद केली नाही. तुमचे वर्गमित्र इस्रायलला गेले ते स्वतःच्या इच्छेने, आणि अजून मराठीत फोन करतात. हे किती मोठं होतं ते मला त्या बोळात उभं राहिल्यावर कळलं. म्हणूनच तुम्ही सोबत हवे आहात.

आता कामाचं. शनिवारी तिथली सिनेगॉग पाहायला बंद असतात, म्हणून आपण रविवारी जाऊ. सिनेगॉग आतून पाहायचं तर जिने चढावे लागतील. बाबा, गुडघ्याचा पट्टा सामानात आठवणीने ठेवा, आणि नाहीच जमलं तर चौकात झाडाखाली बाकावर बसू. आई, तिथल्या बेकरीत बदामाचं सारण भरलेली इंपादे नावाची बिस्किटं मिळतात, तुला नक्की आवडतील. निघण्याआधी एकदा आळीतल्या काकांना भेटून या, त्यांना इथून काही हवं असेल तर विचारा. बीपीच्या गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

तुमची,
धाकटी