पंपाला हात लावण्याआधी आबांना विचारणाऱ्या मिस्त्रींना

मिस्त्री, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही. पण आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत. गाडी घेऊन निघताना गॅरेजच्या दारात दोन शब्द बोलायचे मनात होतं. तेव्हा घसा भरून आला आणि तुम्हीही तोवर पुढच्या गाडीच्या बॉनेटखाली वाकला होतात.

आमची जीप म्हणजे महिंद्राची जुनी एमएम ५४०, प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, फोर-व्हील. आबांनी ती घेतली तेव्हा मी शाळेत होते. गाव मेढ्याच्या पुढे, केळघरच्या अंगाला. जावळीचा पाऊस ज्यांनी अंगावर घेतलाय त्यांना सांगायला नको, की आषाढात शेताच्या वाटेवर कुठली गाडी जाते आणि कुठली चाकापर्यंत रुतून बसते. या जीपनं दुधाचे कॅन वाहिले, भाताची पोती वाहिली आणि रात्री-अपरात्री गावातली अडलेली बाई साताऱ्याला पोचवली. आबांच्या लेखी ती गाडी नाहीच, घरातलं माणूस आहे. आता त्यांना कमी ऐकू येतं, गाडी मी चालवते. ते शेजारी बसतात आणि पायाखालच्या पत्र्यातून इंजिन कसं चाललंय ते ओळखतात.

हीच जीप घाटात दम टाकायला लागली. जिथं तिसऱ्यात निघायची तिथं दुसरा गिअर टाकावा लागू लागला. लिटरला अकरा-बाराचं ॲव्हरेज आठवर आलं. मग सुरू झाली आमची गॅरेजांची वारी, आणि त्याबद्दल लिहिल्याशिवाय तुमचे आभार पुरे होणार नाहीत.

पहिल्या ठिकाणी बॉनेट उघडायच्या आत उत्तर तयार होतं, "पंप वाढवून देतो, बघा कशी पळते." इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपावर किती डिझेल जायचं ते ठरवणारा स्क्रू असतो, त्याला तारेत ओवलेलं शिशाचं सील होतं, ते पकडीनं तोडलं, स्क्रू आत फिरवला आणि पैसे घेतले. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. एक किलो डिझेल पुरतं जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, आणि प्रत्यक्षात धूर नको असेल तर त्याहून बरीच जास्त. आपल्या या इंजिनाला टर्बो नाही. ते जेवढी हवा ओढू शकतं तेवढीच ओढतं, ॲक्सिलरेटरनं फक्त डिझेल कमी-जास्त होतं. हवा तीच ठेवून डिझेल वाढवलं तर वरचं डिझेल काजळी होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडणार. त्यात महाबळेश्वर १३७२ मीटरवर. तिथं पोचेपर्यंत हवा समुद्रकाठच्या मानानं आठव्या हिश्शानं विरळ झालेली असते. म्हणजे जिथं ताकद सगळ्यात जास्त हवी तिथंच हवेचा तुटवडा. दोन-चार दिवस पिकअप वाढल्यासारखं वाटलं खरं. पुढे घाटात टेंपरेचरचा काटा चढायला लागला, मागच्या मोटरसायकलवाल्याचं तोंड काळं होऊ लागलं आणि ॲव्हरेज आणखी खाली गेलं. पीयूसीला जुन्या डिझेल गाड्यांसाठी धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिजची (हे धुराचा काळेपणा मोजायचं एकक) आहे. त्यात गाडी बसेना. तक्रार घेऊन गेले तर "पीयूसीचं आपण बघून घेऊ" म्हणाले. काय बघून घेणार होते ते मी विचारलं नाही, गाडी काढून घेतली.

दुसऱ्या ठिकाणी "इंजिन संपलंय, पिस्टन-लायनर सगळं काढा" असं सांगितलं, तेही नुसता आवाज ऐकून. सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज लावून बघा म्हटलं तर हसले आणि म्हणाले, "मॅडम, घरातल्या कुणा माणसाला पाठवा." त्यांनीच आधी मूळ मापापेक्षा मोठे टायर गळ्यात मारले होते, गाडी उंच दिसते म्हणून. तिसऱ्यांनी तर सरळ भंगारचा भाव सांगितला, आबांच्या देखत. सरकारी नियमानं अशा गाडीची दर ५ वर्षांनी पुनर्नोंदणी करायची, पर्यावरण कर भरायचा, हा खटाटोप कशाला, असं त्यांचं म्हणणं.

या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट सारखी होती. आबा सोबत असायचे आणि त्यांच्याशी कुणीच बोलायचं नाही. इंजिन चालू ठेवून, त्या धडधडीवर आवाज चढवून सगळे माझ्याशी बोलायचे. आबा एकदा त्यांच्या तोंडाकडे, एकदा माझ्याकडे बघायचे आणि मान हलवायचे. ऐकू येत नसलं की ते अशी मान हलवतात. ज्या माणसानं ही गाडी तीस वर्षांहून जास्त हाकली तो तिथं उभा असून नसल्यासारखा होता.

तुमच्याकडे आलो तेव्हाही मी त्याच तयारीनं आले होते. तुम्ही इंजिन ऐकलंत, सायलेन्सरमागे उभे राहून धूर बघितलात. मी सांगायला सुरुवात केली, तुम्ही ऐकत होतात. मध्येच तुमचं लक्ष आबांकडे गेलं. ते मान हलवत होते. तुम्ही काही न बोलता गाडीत हात घालून इंजिन बंद केलंत. पोराला शेजारचा ग्राइंडर थांबवायला सांगितलंत. आबा स्टुलावर बसले होते, त्यांच्यासमोर उकिडवे बसलात, म्हणजे त्यांना तुमचं तोंड नीट दिसेल, आणि विचारलंत, "आबा, आधी ही घाट कितव्यात चढायची?"

मिस्त्री, तुमच्या बाजूनं हे एवढंसंच असेल. मला मात्र तो प्रश्न जन्मभर पुरेल.

आबा बोलायला लागले. किती दिवसांनी असं सलग बोलले असतील! कुठल्या वळणावर कुठला गिअर, भरल्या गाडीला किती डिझेल, पावसाळ्यात फोर-व्हील कुठं टाकायची आणि डांबरीला लागलं की का काढायची, सगळं सांगितलं. तुम्ही घाई केली नाहीत. आणि मग ते जे बोलले ते आजवर कुणी विचारलंच नव्हतं म्हणून कुणाला कळलंही नव्हतं. "आधी सपाटीला सोडून दिली की लांबवर जायची. आता मागनं कुणीतरी धरल्यागत उभी ऱ्हाती."

तुम्ही लगेच उठलात. "मग आधी पंपाला हात नाही लावायचा," एवढंच म्हणालात. चक्कर मारून आणलीत, एकेका चाकाच्या ड्रमजवळ हात नेलात आणि मागच्या डाव्या चाकाशी झटकन मागे घेतलात. आबांनाही बोलावून दाखवलंत. जॅक लावल्यावर ते चाक हातानं ढकलूनही पुरतं फिरेना. व्हील सिलिंडर अडकलेला, ब्रेक सतत घासत होता. पुढचे फ्री-व्हीलिंग हब, म्हणजे पुढची चाकं शाफ्टपासून सुटी करायची कुलपं, तर लॉकमध्येच गंजून बसली होती. म्हणजे टू-व्हीलवर चाललो तरी पुढचे शाफ्ट, डिफरन्शियल, प्रॉपेलर शाफ्ट हे सगळं लोढणं चाकं फुकट फिरवत होती. ताकद इंजिनातून निघत होती, पण रस्त्याला पोचायच्या आधीच खर्ची पडत होती. ती वाढवायला पहिल्या गॅरेजनं डिझेल ओतलं!

इंजिनाचं काम तुम्ही त्यानंतर घेतलंत. सगळं इथं लिहीत बसत नाही. एअर क्लीनरच्या वाटीतल्या तेलाचा चिखल झाला होता. टॅपेट सैल होते, टायमिंग सरकलेलं होतं. दुसऱ्यांनी "संपलंय" म्हटलेल्या इंजिनाला तुम्ही गेज लावलंत आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन चांगलं आणि जवळपास सारखं निघालं. तो आकडा तुम्ही वहीच्या पानावर लिहून आबांच्या हातात दिलात. ते पान त्यांनी पाकिटात ठेवलंय.

इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलची तपासणी मात्र सांगायलाच हवी. टेस्टरवर नोझल लावून तुम्ही दांडा दाबलात आणि शंभर बारच्या पुढे काटा गेल्यावर डिझेलचा धुक्यासारखा बारीक फवारा उडाला. तो चांगला नोझल. दुसरा लावला तर तिरकी धार, आणि थांबल्यावर टोकाला थेंब लटकलेला. आबा नीट बघायला पुढे झुकले तेव्हा तुम्ही त्यांच्या छातीशी आडवा हात धरलात. "लांबनं बघा आबा, हा फवारा कातडीतनं आत जातो." इतक्या वर्षांत आबांना त्यांच्याच गाडीच्या पोटातलं असं कुणी दाखवलं नव्हतं. तो लटकता थेंब सिलिंडरमध्ये नीट जळत नाही, त्याचाच धूर होतो, हे त्यांनी घरी येऊन माझ्या आईला खुणांसकट समजावून सांगितलं.

पंप शेवटी. तो बेंचवर लावून घेतलात, स्क्रू धूर थांबेपर्यंत मागे आणलात आणि नवं सील मारलंत. "यापुढं कुणी वाढवतो म्हणालं तर गाडी तिथनं काढा," असं बजावलंत. मोठ्या टायरांचंही तुम्हीच समजावलंत. घेर दहा टक्क्यांनी मोठा असेल तर मीटर शंभर दाखवतं तेव्हा गाडी एकशेदहा किलोमीटर गेलेली असते, त्यामुळे ॲव्हरेजचा हिशेबच चुकतो, आणि गिअर उंच पडल्यानं चढाला इंजिन दबतं ते वेगळंच. पण "आत्ता टायर चांगले आहेत, झिजले की मूळ मापाचे घाला" असं म्हणालात. विकायची संधी सोडलीत. आमच्या पैशांची काळजी आमच्याइतकी करणारं दुकान मी पहिल्यांदाच पाहिलं.

हातात कसब असलेली माणसं आपल्या भागात कमी नाहीत. पण कसब आलं की समोरच्याला अडाणी समजायची सवयही बहुतेकांना लागते, मग ते गॅरेज असो, दवाखाना असो की कचेरी. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्येही हे चालतं. पालक धोतर नेसून आला की आम्ही त्याच्या पोराशी बोलतो, त्याच्याशी नाही. परवा माझ्या वर्गातल्या एका मुलाचे आजोबा आले होते. मी पंखा बंद केला, खुर्ची त्यांच्यासमोर ओढली आणि आधी त्यांना विचारलं, पोरगा घरी अभ्यासाला कधी बसतो. मुलाबद्दल मला वर्षभरात कळलं नव्हतं इतकं त्या दहा मिनिटांत कळलं. हे तुमच्याकडून शिकले, मिस्त्री.

जीप आता केळघरचा घाट भरल्या गाडीनं तिसऱ्यात चढते. टाकी फुल करून फुलपर्यंत मोजलं, टायरचा फरक धरून लिटरला अकराच्या वर जातेय. पीयूसी पहिल्या फटक्यात झाली. टेंपरेचरचा काटा मधल्या रेघेच्या वर जात नाही. सपाटीला आबा मला गाडी सोडून द्यायला लावतात आणि कुठवर जाते ते बघतात.

बिलात तुम्ही दुसऱ्या ट्रायलचे आणि हब साफ केल्याचे पैसे लावले नाहीत, हे घरी आल्यावर लक्षात आलं. त्यासाठी आबा भात झोडून झालं की स्वतः येणार आहेत, इंद्रायणीचं एक पोतं जीपमध्ये टाकून. गाडी मी चालवीन. नको म्हणू नका, ते ऐकणार नाहीत. आणि तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या बेअरिंगचा थोडा आवाज येतोय असं आबांचं म्हणणं आहे, तेही बघून ठेवा.

आपली,
केळघरकडची जीपवाली बाई