दोन खोल्या, पाच माणसं, बेरीज तीन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ब्रिटनमधल्या युद्धोत्तर घरबांधणीवरचा तुमच्या रविवार पुरवणीतला लेख काल वाचला. लेखकमहाशयांनी पूर्व लंडनमधल्या पॉप्लरची लॅन्सबरी वसाहत पाहिली, ख्रिस्प स्ट्रीटच्या बाजारात चक्कर मारली आणि दाटीवाटीचा प्रश्न सुटला असं जाहीर करून टाकलं. अभिनंदन! कौन्सिललाही, म्हणजे तिथल्या पालिकेलाही, तो इतक्या झटकन सुटला नव्हता.

युद्धानंतर घरबांधणीचं खातं सांभाळणाऱ्या बेव्हन यांची स्तुती रास्तच आहे. सामानाची चणचण असतानाही हा मंत्री तीन बेडरूमच्या घराला 900 चौरस फूट हवेत म्हणून अडून बसला. वर एक, खाली एक असे दोन संडास हवेत म्हणाला. पुढे घरबांधणी मंत्री झालेल्या मॅकमिलन यांनी वर्षाला 3 लाख घरं बांधून दाखवली, पण ती आखडती करून. हे लेखातून गळलं. असो.

माझा राग वेगळाच आहे. दाटी मोजायची कशी, यावर एक ओळ नाही!

1967 साली आम्ही उत्तर लंडनमधल्या एका बरोत (म्हणजे पालिकेच्या हद्दीत) दोन खोल्यांत राहायचो. आई, बाबा, सात वर्षांचा मी, चार वर्षांचा भाऊ आणि तान्ही बहीण. गॅसची शेगडी जिन्याच्या वळणावर, मीटरमध्ये शिलिंग टाकलं तर पेटणारी. संडास खाली, आणखी दोन बिऱ्हाडांत मिळून एक. बाबांनी कौन्सिलच्या घरासाठी अर्ज केला, तेव्हा एक गृहस्थ टेप घेऊन आले. त्यांनी आधी खोल्या मोजल्या, मग आम्हाला. 1935 च्या कायद्याप्रमाणे दहा वर्षांखालचं मूल म्हणजे अर्धा माणूस आणि वर्षाच्या आतलं म्हणजे शून्य. आई-बाबा दोन, आम्ही दोघे भाऊ मिळून एक, बहीण हिशेबातच नाही. झाले तीन. दोन खोल्यांत तीन माणसं कायद्याला चालतात, सबब दाटी नाही. आई म्हणाली, “मग रात्रभर रडतं ते कोण?” बाबांनी ते इंग्रजीत सांगितलं नाही.

शिवाय बरोत पाच वर्षं काढल्याखेरीज यादीत नाव नाही. तेव्हा बऱ्याच कौन्सिलांच्या अशा अटी होत्या. काळ्या-सावळ्यांना खोली नाकारणाऱ्या पाट्या 1968 च्या कायद्याने उतरवल्या. या अटीची पाटीच नव्हती, उतरवणार काय?

उंच मनोऱ्यांचं कौतुक तर वाचवत नाही. 1956 पासून जितके मजले जास्त तितकं सरकारी अनुदान जास्त, म्हणून ते वाढत गेले. 16 मे 1968 रोजी पूर्व लंडनच्या न्यूहॅममधल्या रोनन पॉइंट या मनोऱ्याचा आख्खा कोपरा गॅसच्या स्फोटाने खाली आला. चौघे गेले. लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते.

अर्ध्या माणसाचा हिशेब इंग्लंडच्या कायद्यात आजही शाबूत आहे. मुंबईतही तो लागू करावा असं पुढच्या रविवारी कुणी सुचवू नये, एवढी विनंती.

आणि हो, पॉप्लरवरच्या लेखाला टॉवर ब्रिजचा फोटो कशाला? गेल्या वर्षी तर तुम्ही तोच ‘लंडन ब्रिज’ म्हणून छापला होता. तेव्हाही मी पत्र पाठवलं होतं. ते छापलं नाहीत.

कळावे,
आपला एक जुना वाचक, लंडन